माशाल : म्हण, दाखला, की दोन्हींच्या आधीचे काही?

शब्दयात्री

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या वाचनगटात बायबलच्या जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचे वाचन चालू आहे. या पुस्तकाचे हिब्रू नाव 'मिश्ले' असून ते पहिल्याच ओळीतील 'मिश्ले श्लोमो', म्हणजे 'शलमोनाचे माशाल', या शब्दांवरून पडले आहे. 'माशाल' हे एकवचन, 'मेशालीम' हे अनेकवचन, आणि पुढे कोणाचे तरी नाव जोडायचे असले की होणारे रूप 'मिश्ले'. येथपर्यंत अडचण नाही.

अडचण हा शब्द इतरत्र शोधू लागल्यावर आली. शौल राजा संदेष्ट्यांच्या मेळ्यात मिसळून संदेश देऊ लागला तेव्हा लोक आश्चर्याने म्हणाले, "शौलसुद्धा संदेष्ट्यांपैकी झाला की काय?" आणि या वाक्याचा माशाल झाला, असे शमुवेलाचे पहिले पुस्तक सांगते (१०:१२). तेथे अर्थ सरळ 'म्हण' असा आहे. यहेज्केलाच्या सतराव्या अध्यायात दोन गरुड आणि एक द्राक्षवेल यांची लांबलचक रूपककथा येते, तिलाही माशालच म्हटले आहे. गणना या पुस्तकात इस्राएलाला शाप देण्यासाठी बोलावलेला बलाम हा परका द्रष्टा डोंगरावरून इस्राएलाच्या छावणीकडे पाहून भविष्यवाणी उच्चारतो, तेव्हा दर वेळी 'त्याने आपला माशाल उचलला आणि म्हणाला' असे शब्द येतात. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे दीर्घ आत्मनिवेदन (२७:१, २९:१) माशाल, बाबेलच्या राजाच्या पतनावरचे यशयाच्या चौदाव्या अध्यायातील उपरोधिक शोकगीत माशाल, आणि अनुवाद या पुस्तकातील शापवचनांत तर आज्ञाभंग करणारे राष्ट्रच सर्व लोकांमध्ये 'माशाल' होईल असे बजावले आहे (२८:३७).

मराठी भाषांतरकाराला या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द योजावा लागतो, आणि त्यामुळे मराठी वाचकाला हे सगळे एकच आहे याचा पत्ताही लागत नाही. माझा प्रश्न असा, की या सर्व वापरांच्या तळाशी खरोखर एखादी समान कल्पना आहे, की 'माशाल' हा केवळ 'नेहमीच्या बोलण्याहून वेगळे, घडीव बोलणे' एवढ्याच अर्थाचा सैल शब्द आहे? मला स्वतःला आज तरी दुसरा पर्याय अधिक पटतो. जाणकारांनी लिहावे.

कृष्णाकाठ

मला पहिला पर्याय पटतो, आणि त्याचे कारण धातूत आहे. म-श-ल या धातूचा अर्थ 'सारखे असणे'. अक्कडी भाषेत 'मशालु' याच अर्थाने येतो, आरामीत 'मथला' आहे, अरबीत 'मथल' आहे. हिंदी-उर्दूत आपण नेहमी ऐकतो ते 'मिसाल' आणि 'मसलन' हे शब्द अरबीतील याच कुळातून आलेले आहेत. तेव्हा 'एका गोष्टीशेजारी तिच्यासारखी दुसरी गोष्ट ठेवणे' हा माशालचा गाभा मानायला भक्कम आधार आहे.

नीतिसूत्रांची हिब्रू रचना पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पुष्कळ ठिकाणी तेथे 'जसे-तसे' हे शब्दच नसतात. अकराव्या अध्यायातील बाविसावे वचन शब्दशः असे आहे : "डुकराच्या नाकात सोन्याची नथ, सुंदर स्त्री आणि तारतम्य सुटलेली." दोन चित्रे शेजारी ठेवली आहेत, मध्ये कोणताही जोडशब्द नाही. पंचविसाव्या अध्यायात, "थकल्या जिवाला गार पाणी, आणि दूर देशाहून आलेली चांगली बातमी" (२५:२५). येथे जोडायला फक्त एक 'आणि' आहे. नाते ऐकणाऱ्याने लावायचे. मराठी भाषांतरात वाचकाच्या सोयीसाठी 'जसे' घातले जाते, ते योग्यच आहे, पण मूळ वचनाने वाचकावर सोपवलेले काम त्यात भाषांतरकार स्वतः उरकून टाकतो.

तर्कसंगत

कृष्णाकाठ यांचा युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु त्यांनी उदाहरणे सोयीची निवडली आहेत असे मला वाटते. शलमोनाच्या वचनांचा मुख्य संग्रह दहाव्या अध्यायापासून सुरू होतो आणि त्यातले पहिलेच वचन असे : "शहाणा मुलगा बापाला आनंद देतो, मूर्ख मुलगा आईचे दुःख होतो." यात कशाची तुलना कशाशी आहे? येथे विरोध आहे, सादृश्य नाही, आणि दहा ते पंधरा या अध्यायांतील बहुतेक वचने याच साच्याची आहेत. तरी त्या सर्वांवर नाव 'मिश्ले' असेच आहे. बलामाचे आणि ईयोबाचे काय, हा शब्दयात्री यांचा प्रश्न तर तसाच उरतो.

शिवाय हिब्रूत म-श-ल या तीन व्यंजनांचा दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे 'सत्ता चालवणे'. माशाल म्हणजे वजनदार, अधिकाराने उच्चारलेले वचन, ही व्युत्पत्ती काही अभ्यासकांनी मांडलेली आहे, आणि ती बलामाला सादृश्यापेक्षा अधिक लागू पडते.

अश्दोदकर

माझा जन्म ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातला. गेली बरीच वर्षे मी इस्रायलमध्ये राहतो, त्यामुळे आजच्या बोलीतील वापर सांगू शकेन.

'सत्ता चालवणे' हा धातू येथे रोज कानावर पडतो, कारण 'मेमशाला' म्हणजे सरकार आणि 'मोशेल' म्हणजे शासक. परंतु कोशांत हे दोन धातू वेगवेगळे नोंदवले जातात. आरामीत आणि अरबीत 'सारखे असणे' या धातूत 'श'च्या जागी 'थ' येतो, आणि माशाल हा शब्द त्या बाजूचा आहे. उच्चार जुळल्यामुळे जुन्या कवींनी श्लेष साधला असेल, तसा तो गणनेतील 'हा-मोशलीम' या शब्दात (२१:२७) कोणालाही ऐकू येऊ शकतो, पण त्यावर व्युत्पत्ती उभारणे मला धोक्याचे वाटते.

आजच्या हिब्रूत 'लेमाशाल' म्हणजे 'उदाहरणार्थ'. दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द तोंडी येतो. चार लोकांत ज्याची शोभा झाली तो 'माशाल आणि शनीना' झाला असे म्हणतात, म्हणजे शब्दयात्री यांनी सांगितलेले अनुवादातले शापवचनच बोलीत जिवंत आहे. प्रचलित म्हणीला मात्र लोक सहसा 'पितगाम' म्हणतात, जो मुळात फारसीतून आलेला शब्द आहे. आणि शाळेत मुलांना गोष्ट शिकवताना दोन भाग करून विचारतात : माशाल कोणता आणि 'निमशाल' कोणता? गोष्ट हा माशाल, आणि ती ज्या प्रत्यक्ष बाबीला लागू करायची ती बाब म्हणजे निमशाल.

दीपमाळ

'निमशाल' याला मराठीत नेमका शब्द आहे का? 'तात्पर्य' चालेल का?

पोथीवाला

दीपमाळ, 'तात्पर्य' चालणार नाही, कारण तात्पर्य म्हणजे गोष्टीतून काढलेला सर्वसाधारण बोध, आणि निमशाल म्हणजे गोष्टीतल्या 'अ' ला उत्तर म्हणून उभा राहणारा प्रत्यक्षातला 'ब'. यासाठी मराठीत सातशे वर्षांपासून वापरात असलेला शब्द 'दार्ष्टांतिक' हा आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले, तेव्हा प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिपदरी ठेवली. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात आणि ज्याच्या हाती जो अवयव येईल तोच हत्ती समजतात हा दृष्टांत, आणि तो ज्ञानाच्या एकेका अंशाला पूर्ण सत्य मानणाऱ्यांना लावणे हे दार्ष्टांतिक. दोन परंपरांचा एकमेकींशी काही ऐतिहासिक संबंध होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की निमशालसाठी नवा शब्द घडवण्याची आपल्याला गरज नाही.

रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, साहित्यात ही मांडणी इतकी पक्की झाली आहे की तिची सुरुवातही ठरलेली असते : "माशाल. या गोष्टीला कशाची उपमा द्यावी? एका राजाची, ज्याने..." आणि गोष्ट संपली की "त्याचप्रमाणे" म्हणून धर्मग्रंथातील वचन येते. राजाचे असे माशाल तर शेकडोंनी आहेत.

ओवीकार

मला वाटते आपण माशाल 'कसा दिसतो' याचीच चर्चा करत आहोत, आणि तो 'काय करतो' हा प्रश्न बाजूला राहिला आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय पाहावा. दावीद राजाने उरीयाची पत्नी बथशेबा हिच्याशी संबंध ठेवला आणि उरीयाला लढाईत पुढे धाडून मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि आरोप न करता एक हकिकत सांगतो. एका गावात दोन माणसे होती, एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे भरपूर मेंढरे आणि गुरे होती. गरिबाकडे विकत घेतलेली एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापून म्हणतो, "हे करणारा मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी." आणि नाथान म्हणतो, "तो माणूस तूच."

निवाडा कोणी दिला हे पाहण्यासारखे आहे. नाथानाने दिला नाही, दावीदाने दिला, आणि स्वतःविरुद्ध दिला. समोरच्याला स्वतःच्या बाबतीत जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या बाबतीत आधी दिसू द्यायचे, आणि त्याने मत बनवल्यावर मग दोन्ही बाबी शेजारी आणायच्या, हे माशालचे काम आहे. एका ओळीच्या म्हणीतही हेच होते. म्हण कोणीतरी कोणत्यातरी प्रसंगी कोणालातरी उद्देशून वापरतो, आणि तो प्रसंग हाच तिचा निमशाल असतो. म्हणून म्हण आणि दाखलेवजा कथा यांना हिब्रू माणसाने एकच नाव दिले, यात मला सैलपणा दिसत नाही, उलट अचूक निरीक्षण दिसते.

तर्कसंगत

ओवीकार यांचे विवेचन मला आवडले, तरी एक गोष्ट नोंदवतो. नाथानाच्या कथेला मूळ संहितेत कोठेही 'माशाल' म्हटलेले नाही. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावरून शखेमच्या लोकांना झाडांनी राजा निवडल्याची कथा सांगतो, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राज्य नाकारतात आणि शेवटी काटेझुडूप ते पत्करते, तिलाही हे नाव दिलेले नाही. ज्या कथांना आपण आदर्श माशाल मानतो त्यांच्यावर हे नाव नाही, आणि बलामाच्या भाषणावर आहे, ही अडचण व्याख्या करताना टाळून चालणार नाही.

सांजवारा

तर्कसंगत यांची ही हरकत रास्त आहे. म्हणूनच जेथे शब्द प्रत्यक्ष येतो अशा ठिकाणांकडे वळू या, आणि त्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो 'माणूस माशाल होणे' हा प्रयोग. स्तोत्रसंहितेच्या ४४व्या स्तोत्रात पराभूत समाज देवाला म्हणतो, "तू आम्हांला राष्ट्रांमध्ये माशाल केलेस." ६९व्या स्तोत्रात गोणपाट नेसून शोक करणारा भक्त म्हणतो, की मी त्यांच्यासाठी माशाल झालो आहे. ईयोब सतराव्या अध्यायात हेच बोलतो. येथे कोणी वचन उच्चारत नाही आणि कथाही सांगत नाही. एका माणसाची दशा अशी झाली आहे की इतर लोक आपापल्या आयुष्याशेजारी तिला ठेवून पाहतात. 'त्याच्यासारखे होऊ नये' असे म्हणण्यासाठी त्याचे नाव वापरले जाते. शब्दयात्री यांच्या 'घडीव बोलणे' या व्याख्येत हा प्रयोग बसत नाही. कृष्णाकाठ यांच्या 'शेजारी ठेवणे' या व्याख्येत तो बसतो.

आणि या प्रयोगात जे दुःख आहे ते वाचताना विसरू नये. स्वतःचे आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडचे उदाहरण होणे ही बायबलमध्ये मोठी शिक्षा मानली आहे.

दीपमाळ

विषय थोडा बाजूला नेते. राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाने तीन हजार माशाल सांगितले आणि त्याची गीते एक हजार पाच होती असे लिहिले आहे. नीतिसूत्रांत तर इतकी वचने नाहीत. बाकीची कोठे गेली?

कृष्णाकाठ

दीपमाळ, तो आकडा राजाच्या प्रज्ञेचा मोठेपणा सांगण्यासाठी आहे, आजच्या पुस्तकाची सूची म्हणून नाही. पुस्तक स्वतःच सांगते की ते अनेक हातांतून आले आहे. पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी 'हेही शलमोनाचे माशाल, जे यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतले' असे वाक्य आहे, म्हणजे शलमोनानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी दरबारातले लेखक हे काम करत होते. तिसावा अध्याय आगूरच्या नावावर आहे आणि एकतिसाव्याचा आरंभ लमुएल राजाच्या आईच्या उपदेशाने होतो.

बाविसाव्या अध्यायाच्या १७व्या वचनापासून पुढचा भाग तर प्राचीन इजिप्तमधील 'आमेनेमोपेचा उपदेश' या लेखनाशी ठिकठिकाणी जुळतो. ब्रिटिश म्युझियममधील तो पपायरस १९२३ मध्ये बजने प्रकाशित केला आणि पुढच्याच वर्षी एर्मानने हे साम्य दाखवून दिले. गरिबाला लुबाडू नये, शेताची जुनी सीमा सरकवू नये, संतापी माणसाची संगत धरू नये, संपत्ती पंख फुटून उडून जाते, हे विषय दोन्हीकडे आहेत. आणखी एक गमतीची बाब म्हणजे १०:१ ते २२:१६ या संग्रहात ३७५ वचने आहेत, आणि हिब्रू अक्षरांना संख्यामूल्ये देऊन 'श्लोमो' या नावाची बेरीज केली तर तीही ३७५ येते.

ग्रीकवाचक

हिब्रूतून ग्रीकमध्ये जाताना या शब्दाचे जे झाले ते मूळ प्रश्नाला उपयोगी पडेल. सप्तती या प्राचीन ग्रीक भाषांतरात माशालसाठी बहुतेक ठिकाणी 'पाराबोले' हा शब्द योजला आहे, ज्याचा अर्थ 'शेजारी ठेवणे' असाच आहे. बलामाच्या भविष्यवाणीलाही तेथे पाराबोले म्हटले आहे, आणि शौलावरच्या म्हणीलाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकाला मात्र त्यांनी 'पारोइमियाय', म्हणजे म्हणी, असे नाव दिले, आणि म्हण व दाखला यांची फारकत होण्यास तेथे वाट मिळाली असे मला वाटते.

तरी नव्या करारात जुनी एकता शिल्लक आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथकरांना म्हणतो, "वैद्या, तू स्वतःलाच बरे कर, ही म्हण तुम्ही मला खचित लावाल." या तीन-चार शब्दांच्या म्हणीसाठी ग्रीक शब्द 'पाराबोले' हाच आहे, जो एरवी पेरणाऱ्याच्या किंवा हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यासाठी येतो. योहानाच्या शुभवर्तमानात उलट मेंढपाळाच्या रूपकाला 'पारोइमिया' म्हटले आहे (१०:६). या दोन्ही ग्रीक शब्दांच्या मागे एकच सेमिटिक (हिब्रू-आरामी कुळातला) शब्द उभा आहे हे लक्षात घेतले तर हा गोंधळ राहत नाही.

जाता जाता एक नोंद. स्पॅनिशमधील 'पालाब्रा', पोर्तुगीजमधील 'पालाव्रा' आणि फ्रेंचमधील 'पारोल' हे 'शब्द' किंवा 'बोलणे' या अर्थाचे शब्द लॅटिनमधून याच 'पाराबोले'पासून आले आहेत.

मृगजळ

माझा एक मूलभूत प्रश्न आहे. माशाल समजावण्यासाठी असतो की लपवण्यासाठी? मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की बाहेरच्यांना सर्व काही दाखल्यांनीच सांगितले जाते, 'यासाठी की त्यांनी पाहूनही पाहू नये'. यहेज्केल तर देवाकडे तक्रार करतो, की लोक माझ्याविषयी म्हणतात, "हा नुसते माशालच बोलत नाही का?" (२०:४९). म्हणजे ऐकणाऱ्यांना तो टाळाटाळ करणारा वाटत होता. नीतिसूत्रांच्या आरंभीही माशालच्या बरोबरीने 'खिदा', म्हणजे कोडे, हा शब्द आला आहे. ओवीकार म्हणतात तसा माशाल जर डोळे उघडत असेल, तर तो कोड्याच्या शेजारी का बसतो?

अश्दोदकर

मृगजळ यांच्या प्रश्नाला रब्बींच्या परंपरेत थेट उत्तर आहे. बायबलमधील गीतरत्न या पुस्तकावरच्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या विवेचनात, ते म्हणतात, "माशाल तुझ्या दृष्टीने हलका असू नये." राजाच्या घरात सोन्याचे नाणे किंवा मौल्यवान मोती हरवला, तर तो एका क्षुद्र किमतीच्या वातीच्या उजेडात सापडतोच ना? तसाच माशालच्या योगे माणूस तोरेच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या, शब्दांचा ठाव घेतो. त्याच ठिकाणी दुसरी उपमा आहे. एक विहीर फार खोल होती, पाणी थंडगार आणि गोड, पण कोणाला पिता येत नव्हते. मग एकजण आला, त्याने दोराला दोर जोडला, पाणी शेंदले आणि प्यायला, आणि तेव्हापासून सर्वजण शेंदू लागले. शलमोन असाच माशालमागून माशाल जोडत खोलवर पोचला, असे ते सांगतात. म्हणजे लपवणारा माशाल नव्हे, पाणीच मुळात खोल आहे.

रब्बी मेईर यांची व्याख्याने एक तृतीयांश धर्मनियम, एक तृतीयांश आख्याने आणि एक तृतीयांश मेशालीम अशी असत असे तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो. त्यांच्याजवळ कोल्ह्याच्या तीनशे कथा होत्या आणि आपल्याकडे तीनच उरल्या, अशी हळहळही तेथे आहे. त्या तिघींपैकी एक 'बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली' या वचनाशी जोडलेली आहे. तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या संग्रहात तर असे म्हटले आहे की रब्बी मेईर वारले आणि माशाल सांगणारे संपले.

एक धीट मतही सांगतो. ईयोब नावाचा माणूस कधी झालाच नाही, तो एक माशाल होता, असे तालमूदच्या बाबा बात्रा या भागात एका विद्वानाने म्हटले आहे. इतरांनी त्याला विरोध केला आहे, पण एक संपूर्ण ग्रंथ माशाल असू शकतो, इतका या शब्दाचा पल्ला त्या काळी मानला जात होता.

पोथीवाला

अश्दोदकर यांच्या उत्तराला पूरक म्हणून मैमोनिदीस या ज्यू तत्त्वज्ञाचा उल्लेख करायला हवा. बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो नीतिसूत्रांतील 'रुपेरी जाळीतली सोन्याची सफरचंदे' (२५:११) ही प्रतिमा घेतो. दुरून किंवा उडत्या नजरेने पाहिले तर फळ चांदीचेच वाटते, बारकाईने पाहणाऱ्याला जाळीतून आतले सोने दिसते. चांगल्या माशालचे बाह्य रूपही चांदीइतके मोलाचे असले पाहिजे, असे तो आवर्जून म्हणतो. जाळी झाकतेही आणि दाखवतेही. मृगजळ यांनी मांडलेला पेच मला तरी यापेक्षा चांगला सुटलेला आढळला नाही.

पुढे तो दोन प्रकार करतो. काही माशालांत प्रत्येक शब्दाला अर्थ असतो, जसे याकोबाच्या स्वप्नातील शिडीत. काहींत अर्थ संपूर्ण कथेला असतो आणि पुष्कळ तपशील केवळ कथा रंगावी म्हणून येतात, जसे नीतिसूत्रांच्या सातव्या अध्यायातील मोहात पाडणाऱ्या स्त्रीच्या वर्णनात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासक युलिखर याने येशूच्या दाखल्यांना प्रत्येकी एकच मुद्दा असतो, तपशिलांना वेगळे अर्थ लावू नयेत, असा आग्रह धरला. १९०४ मध्ये फीबिग याने रब्बींचे मेशालीम पुढे ठेवून दाखवले की ज्यू परंपरेत इतकी कडक विभागणी कधीच नव्हती. मैमोनिदीसचे पान उघडले असते तर हा वाद बराच आधी निवळला असता.

ओवीकार

पोथीवाला, उत्तम. लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाच्या दाखल्याची बांधणीही रब्बींच्या पद्धतीशी जवळची आहे. शास्त्री विचारतो, "माझा शेजारी कोण?" उत्तरादाखल येशू कथा सांगतो : वाटेत जखमी पडलेल्या माणसाला दोघे टाळून जातात आणि तिसरा, परका शोमरोनी, त्याला मदत करतो. आणि कथा संपल्यावर त्यालाच प्रतिप्रश्न येतो, "या तिघांपैकी शेजारी कोण झाला?" येथेही उत्तर ऐकणाऱ्याकडूनच वदवून घेतले आहे.

कृष्णाकाठ

आतापर्यंत माशालची थोरवीच अधिक सांगितली गेली. त्याच्या दुरुपयोगाचे भानही याच ग्रंथांत आहे, आणि ओवीकार यांच्या 'तो काय करतो' या भूमिकेला ते बळकटी देते. सव्विसाव्या अध्यायात म्हटले आहे, "लंगड्याचे पाय लोंबतात, आणि मूर्खांच्या तोंडी माशाल" (२६:७), आणि दोनच वचनांनंतर, "दारुड्याच्या हातात काटा रुतावा, तसा मूर्खांच्या तोंडी माशाल." म्हणजे वचन तेच असते, पण कोणी, केव्हा, कोणाला लावले यावर त्याचे खरेपण ठरते. त्याच अध्यायात चौथे वचन सांगते, "मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको," आणि पाचवे सांगते, "मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे." या विसंगतीमुळे हे पुस्तक वापरातून काढून ठेवावे असा विचार झाला होता, असे तालमूदमध्ये नोंदवले आहे. तेथे तोडगा असा दिला आहे की एक वचन तोरेच्या विषयांसाठी आहे आणि दुसरे व्यवहारासाठी. संपादकांनी ही दोन वचने मुद्दाम एकाखाली एक ठेवली असावीत असे माझे ठाम मत आहे, कारण त्यामुळे वाचकाला प्रसंग ओळखावाच लागतो.

आणि यहेज्केलाचा अठरावा अध्याय. यरुशलेमहून बाबेलला नेलेले लोक एक म्हण वापरत होते : "बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले." मागच्या पिढ्यांच्या पापांची शिक्षा आम्ही भोगतो आहोत, मग आम्ही काही करून काय उपयोग, असा तिचा रोख होता. संदेष्टा संपूर्ण अध्याय खर्ची घालून ही म्हण खोडतो. "इस्राएलात हा माशाल यापुढे तुम्ही वापरणार नाही," आणि पुढे आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांची उदाहरणे घेऊन, जो पाप करील तोच मरेल, असे प्रतिपादन करतो. एका म्हणीने एका समाजाचे मन किती पंगू होऊ शकते, हे त्याने ओळखले होते.

तर्कसंगत

यहेज्केलाचा दाखला मला पटला. बलामाविषयी मी पुन्हा संहिता वाचली. त्याच्या माशालांत उपमा आहेतच : दूरवर पसरलेल्या खोऱ्यांसारखे तंबू, नदीकाठच्या बागांसारखे, पाण्याजवळच्या गंधसरूंसारखे (२४:६), आणि सिंहिणीसारखे उठणारे राष्ट्र (२३:२४). एवढ्याने ते भाषण 'तुलना' ठरते असे मी म्हणणार नाही, पण शाप देण्यासाठी बोलावलेला परका माणूस एका राष्ट्राला इतरांपुढे नमुना म्हणून उभे करतो, आणि सांजवारा यांनी सांगितलेल्या 'माशाल होणे' या प्रयोगाची ही उजळ बाजू आहे, असे म्हणता येईल. ईयोबाच्या २७व्या अध्यायाबाबत मात्र माझी शंका कायम आहे.

शब्दयात्री

सर्वांचे मनापासून आभार. 'घडीव बोलणे' ही माझी व्याख्या सांजवारा यांनी दाखवलेल्या स्तोत्रांपुढे टिकत नाही, आणि 'शेजारी ठेवणे, निवाडा ऐकणाऱ्यावर सोपवणे' ही कल्पना बहुतेक ठिकाणी लागू पडते, असे मी आता मानतो.

आता व्यावहारिक प्रश्न. गटासाठी मी टिपण तयार करत आहे. सर्वत्र 'माशाल' हाच शब्द ठेवावा, की मराठी शब्द वापरून समासात खूण करावी?

पोथीवाला

मराठी शब्दच वापरावेत. जेथे लोकांच्या तोंडचे वाक्य आहे तेथे 'म्हण', जेथे कथा आणि तिचे दार्ष्टांतिक आहे तेथे 'दृष्टांत', आणि 'माणूस माशाल होतो' तेथे 'लोकांच्या तोंडी उदाहरण होणे'. प्रत्येक ठिकाणी समासात एकच खूण असावी, म्हणजे नाते दिसेल आणि वाचनही अडणार नाही.

सांजवारा

सहमत. यशयाच्या चौदाव्या अध्यायासाठी मात्र 'दृष्टांत' नको. तेथे पडलेल्या सम्राटाला उद्देशून केलेली हेटाळणी आहे, आणि मराठी शब्दात ती धार आली पाहिजे.

शब्दयात्री

मान्य. पुढील बैठकीत सव्विसावा अध्याय घेतो, आणि चौथे व पाचवे वचन प्रत्येकाने स्वतःच्या माहितीतील एकेका प्रसंगाला लावून दाखवावे असे सुचवतो. त्यानंतर यहेज्केलाचे सतरावा आणि अठरावा हे अध्याय जोडीने वाचू, कारण पहिल्यात संदेष्टा माशाल रचतो आणि दुसऱ्यात मोडतो.

तर्कसंगत

त्या यादीत ईयोबाचा २९वा अध्यायही घ्यावा, ही विनंती. तो आपल्या वैभवाच्या दिवसांची आणि नंतर तिसाव्या अध्यायात आजच्या अवहेलनेची चित्रे शेजारी ठेवतो. तेथे 'माशाल' हे नाव का पडले याचे उत्तर त्या दोन अध्यायांच्या जोडणीत असू शकते. गटात काय निघते ते येथे अवश्य लिहावे.